गल्फवाला सिंगल डेक, देशी डबल डेक की सीडीवाला? गोव्यात जुना टू-इन-वन घेण्याआधी

जुना टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट प्लेयर एकाच डब्यात, घ्यायचाय, कुठला घेऊ, असं हल्ली बरेच जण विचारतात आणि सोबत फोटो पाठवतात, त्यात सेटचं फक्त तोंड दिसतं, लाइटी लागलेल्या, अँटेना पूर्ण वर काढलेली, एकदम झकास. पण तोंड बघून काहीच कळत नाही हो. मला सेलचं झाकण उघडून आतला फोटो पाठवा, कॅसेटचं दार उघडून आतल्या रोलरचा पाठवा, आणि मागे जिथे करंटचा व्होल्टेज लिहिलेला असतो त्या स्टिकरचा पाठवा. या तिन्हीतून जे कळतं ते समोरच्या क्रोममधून कळत नाही.

म्हापशाच्या बाहेर एक जुन्या सामानाचं दुकान आहे, नाव लिहीत नाही, जाणारे ओळखतील. पोर्तुगीज काळातल्या खुर्च्या, मोडके पंखे, देव्हारे, शॅकवाल्यांनी विकलेले फ्रिज, सगळं एकाच छपराखाली. तिथल्या मागच्या फळीवर चार सेट होते. त्यातला एक मी घेतला, एक माझ्या चुलतभावाने, सीडीवाला फोंड्याच्या एका मित्राकडे गेला आणि चौथा जपानी तिथेच राहिला. तिन्ही सेट मी उघडून बघितलेत, चौथा दुकानात उभं राहून जेवढा तपासता येतो तेवढा तपासलाय. त्यामुळे खाली जे लिहितोय ते या चारांबद्दल, पण तुम्हाला गोव्यात जे काही सापडेल ते यातल्याच कुठल्यातरी जातीचं असणार, म्हणून उपयोगी पडेल.

आधी गल्फवाला, कारण गोव्यात जुना चांगला सेट म्हणजे बहुतेक वेळा हाच. सत्तर-ऐंशीच्या दशकात कुवेत, बहारीन, दुबईला गेलेले लोक आणि बोटीवरचे तारवटी सुट्टीवर येताना शार्प, सान्यो, नॅशनल पॅनासॉनिक, आयवा, सोनी असे सेट घेऊन यायचे, आणि बार्देश-सासष्टीत असं घर नव्हतं जिथे एकातरी काकाने असा सेट आणला नाही. आता ती घरं बंद पडलीत किंवा विकली जातायत, पोरं लिस्बन नाहीतर लंडनला, आणि माळ्यावरचं सामान दुकानात येतं. माझ्या सेटच्या सेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला अरबी अक्षरांचा एका दुकानाचा स्टिकर अजून आहे, आणि त्याच्या खाली कुणीतरी सुईने ओरखडून स्वतःची आद्याक्षरं कोरलीयत. असा स्टिकर दिसला की मला बरं वाटतं, कारण तो सेट २२०-२४० व्होल्टचा असण्याची शक्यता जास्त आणि एफएम पण आपलंच, ८८ ते १०८. फक्त सौदीहून आलेला असला तर स्टिकर नीट वाचा, तिथे ११०-१२७ व्होल्टची लाइन पण होती, आणि काही सेटच्या पाठीला व्होल्टेज बदलायचा छोटा गोल स्विच असतो तो कुणीतरी ११० वर ठेवून दिलेला असतो. तो न बघता आपल्या २३० च्या प्लगला लावला तर ट्रान्सफॉर्मर गेला म्हणून समजा. जुना जळका वास येत असेल तर तो आधीच गेलाय.

हा सेट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा आहे. सिंगल डेक, म्हणजे कॅसेट वाजवायची एकच जागा, पियानोसारखी जाड बटणं, दोन मोठे स्पीकर दोन छोटे, एफएम-मीडियम वेव्ह आणि दोन शॉर्ट वेव्ह, आठ मोठे सेल. आवाजाबद्दल सांगायचं तर बेस धडधडत नाही, आजच्या ब्लूटूथ डब्यासारखा छातीत बसत नाही, पण माणसाचा गळा आणि पेटी इतकी सुटी ऐकू येते की अभिषेकीबुवांचं नाट्यगीत लावलं की घरातले बाकीचे पण येऊन बसतात. स्पीकरचा कोन कागदाचा आणि कडेची पट्टी कापडाची आहे, म्हणून अजून टिकलीय. ज्यांची कड फोमची असते ती आपल्या दमट हवेत भुगा होते, बोट लावलं तर चुरा हातात येतो, तेव्हा जाळीतून टॉर्च मारून ही कड बघायचीच. डावा-उजवा स्पीकर हातभर अंतरावर असल्याने स्टिरिओ फार पसरत नाही, त्यासाठी 'वाइड' नावाचं एक बटण दिलंय, ते दाबलं की आवाज खोलीभर पसरल्यासारखा वाटतो पण गायक जरा मागे जातो. मी बंदच ठेवतो.

आणि या जातीची खरी मजा म्हणजे रेकॉर्डिंग. पुढे दोन टोकांना बारीक भोकांमागे माइक असतात, त्यामुळे स्टिरिओ रेकॉर्डिंग होतं. सेटमध्ये जी कॅसेट अडकून आली ती वास्कोच्या भजनी सप्ताहाची निघाली, घरगुती रेकॉर्डिंग, सी-नव्वद, एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. डावीकडे टाळ, उजवीकडे कुणीतरी लहान मूल रडतंय, मधूनच स्कूटरचा हॉर्न, आणि एका पारीचा, म्हणजे भजनाच्या एका तुकडीचा, अभंग संपून दुसरी पारी उभी राहते ती मधली गडबड सगळी जशीच्या तशी. हे कुठल्या कंपनीच्या कॅसेटमध्ये मिळणार? ज्यांच्या घरात अशा कॅसेटी पडल्यात, आजोबांचं कीर्तन, लग्नातली ओवी, शिगम्यातलं रोमटामेळ, त्यांनी सेट घेताना बाकी सगळं सोडून फक्त 'डेक कसा आहे' एवढंच बघावं.

आता चुलतभावाचा देशी डबल डेक. नव्वदच्या आसपास बीपीएल-सान्यो, फिलिप्स, व्हिडिओकॉन वगैरेंचे असे भरपूर सेट आपल्याकडे विकले गेले, दोन कॅसेटी शेजारी-शेजारी, वर ग्राफिक इक्वलायझरच्या सरकत्या पट्ट्या, बाजूचे स्पीकर काढून लांब ठेवता येतात. दिसायला हा जास्त भारी, पोरांना हाच आवडतो. आणि सुटे स्पीकर हा खरंच मोठा फायदा आहे, दोन खिडक्यांमध्ये सात-आठ फुटांवर ठेवले की गल्फवाल्यापेक्षा चांगलं स्टिरिओ मिळतं, खोटं कशाला बोलू. शिवाय करंटची काही भानगड नाही, आपल्याच देशातला, सुटे भाग पण म्हापसा-मडगावच्या जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडे एखाद्या मेलेल्या सेटमधून मिळून जातात.

पण डबल डेक म्हणजे दुप्पट भानगड. कितीतरी सेटमध्ये एकच मोटर आणि तिच्यावरून लांब-लांब रबरी बेल्ट दोन्ही डेकना फिरवतात. रबर तीस वर्षांनी एकतर सैल होतं नाहीतर वितळून काळ्या डांबरासारखा चिकट गाळ होतो, आणि तो गाळ पुलीवरून काढताना बोटांना जो लागतो तो साबणाने जात नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस घेऊन संध्याकाळ जाते. आम्ही हे काम त्याच्या घरी माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळापानांच्या मांडवाच्या, खाली बसून केलं कारण चवथीची सुट्टी होती आणि दुसरी जागा नव्हती, काकी अजून बोलते. नवीन बेल्ट लागले, दोन्ही डेक फिरायला लागले, पण रेकॉर्डिंग फक्त एकाच डेकवर होतं, दुसरा नुसता वाजवायला. बहुतेक डबल डेक असेच असतात, विकणारा सांगत नाही. हाय-स्पीड डबिंगचं बटण बघून भुलू नका, कॅसेटवरून कॅसेट केली की वरचा बारीक आवाज, झांज, तंबोऱ्याची जवारी, हे सगळं थोडं कमी होतंच, आणि हाय-स्पीडवर अजून कमी. आज कुणाला कॅसेटवरून कॅसेट करायचीय? फोनमध्ये उतरवायचं असेल तर एक चांगला डेक पुरतो.

आणि ते पीएमपीओ. पुढे मोठ्या अक्षरात दोनशे, चारशे वॅट लिहिलेलं असतं, ते क्षणभराच्या कमाल ताकदीचं जाहिरातीतलं गणित, खरा आवाज बहुतेकदा दोन्ही बाजू मिळून पाच-दहा वॅटच्या घरात. त्या आकड्यावर भाव वाढवून देऊ नका. माझ्या गल्फवाल्यावर आकडाच लिहिलेला नाही आणि तो हॉल भरून वाजतो.

सीडीवाला थोडक्यात सांगतो कारण त्यात सांगण्यासारखं कमी आहे. सोनीच्या मॉडेलच्या नावातच खूण असते, सीएफएस म्हणजे कॅसेट-रेडिओ आणि सीएफडी म्हणजे त्यात सीडी पण. नव्वदीनंतरचे हे गोलसर प्लास्टिकचे सेट, वजनाला हलके, रेडिओ चांगला पकडतात. अडचण लेझरची, ती वयाने मंदावते आणि सीडी घुमत राहते, डिस्प्लेवर 'नो डिस्क' येतं. कधी भिंगावर नुसती धूळ असते, कापसाच्या काडीला अल्कोहोल लावून हळूच पुसली की चालू होतं, नाही झालं तर लेझरचा अख्खा भाग, पिकअप, बदलावा लागतो, नवा म्हणून मिळतो तो बहुतेक नक्कल असतो आणि किती टिकेल हे नशिबावर. शिवाय यातल्या कॅसेट डेककडे बनवणाऱ्यांनी तेवढं लक्ष दिलेलं नसतं, फ्लायव्हील, म्हणजे वेग एकसारखा ठेवणारं जड चाक, छोटं, म्हणून आवाज किंचित डळमळतो. फोंड्याच्या मित्राकडे घरात सीडी दोन कपाटं भरून आहेत, त्याच्यासाठी हाच बरोबर. तुमच्याकडे सीडी नसतील तर कशाला?

जपानी सेटवर मात्र सावकाश बोलायला पाहिजे, कारण दुकानात तो सगळ्यात देखणा होता आणि सगळे त्यालाच हात लावत होते. हल्ली जपानच्या घरगुती बाजारातले सेट इकडे येतात, ऑनलाइन पण विकतात, अवस्था अप्रतिम, एक ओरखडा नाही, बटणं लोण्यासारखी, मेटल टेपची, म्हणजे भारीतल्या कॅसेटींची, सोय, लाइटवाले मीटर. दोन गोष्टी मात्र. एक, तिथली लाइन १०० व्होल्टची, म्हणजे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागणार, दोन-तीन किलोचं एक धूड सेटच्या मागे कायम. मोटर डीसीवर चालते त्यामुळे ५०-६० हर्ट्झने स्पीड बदलत नाही, ती काळजी नको. दुसरी गोष्ट रेडिओची, आणि इथे लोक फसतात. जपानमधलं जुन्या सेटचं एफएम ७६ ते ९० वर असतं. आपल्याकडे बघा, इंडिगो ९१.९, बिग एफएम ९२.७, मिर्ची ९८.३, आकाशवाणीचं रेनबो १०५.४. सगळी नव्वदच्या वर! म्हणजे पणजीत डोना पावलाच्या टेकडीवर उभं राहिलात तरी यातलं एकही स्टेशन लागणार नाही. काही जपानी सेटवर डायलवर टीव्ही १-३ असं लिहिलेलं असतं, तिथल्या जुन्या टीव्ही चॅनलचा आवाज ऐकायची ती सोय होती आणि तो पट्टा ९० ते १०८ चा, तिथे आपली स्टेशनं मिळतात. या सेटवर ते नव्हतं. दुकानदाराला मी काटा इकडून तिकडे फिरवून दाखवला तर तो म्हणतो, 'पात्रांव, कॅसेट वाजता न्हय? रेडियो आतां मोबायलार आयकतात.' तसं बघायला गेलं तर चुकीचं नाही बोलला.

नवीन रेट्रो सेट घेऊ का, असंही काहींनी विचारलं, जे जुन्यासारखे दिसतात आणि ब्लूटूथ, यूएसबी सगळं असतं. वॉरंटी मिळते, धूळ-गंज नाही, घरी आणलं आणि चालू, ज्यांना मुख्यतः फोनवरून गाणी लावायचीत आणि कॅसेट कधीतरी गंमत म्हणून, त्यांनी बिनधास्त घ्यावा. पण डेक म्हणून बघितलं तर आज बाजारात येणाऱ्या बहुतेक नव्या कॅसेट यंत्रांच्या आत एकाच साध्या यंत्राच्या नकला असतात, हलकं फ्लायव्हील, टेपची फुसफुस कमी करणारं डॉल्बी नाही, क्रोम-मेटल टेपचं सेटिंग नाही. जुनी कीर्तनाची कॅसेट त्यात टाकायला माझा हात तरी धजत नाही. दिसण्याचे पैसे आहेत ते.

दुकानात तपासायचं कसं, हे जास्त महत्त्वाचं. स्वतःच्या पिशवीत दोन कॅसेटी ठेवा, एक टाकाऊ आणि एक ओळखीची, टाकाऊ आधी टाकायची कारण अनोळखी डेक टेप खातो. त्याच्याही आधी दार उघडं ठेवून किंवा कॅसेट न घालता प्ले दाबा आणि टॉर्चने बघा, टेप गोळा करणारी चकरी, बहुतेकदा उजवीकडची, फिरतेय का. रोलर आणि बारीक दांडा टेप पुढे ढकलतात पण ही चकरी ती गोळा करते, ती ढिली असली की टेप आत साठते आणि मग चिमट्याने काढत बसा. रोलरचं रबर मॅट काळं असावं, काचेसारखं चकाकत असेल तर ते कडक झालंय. त्यानंतर ओळखीची कॅसेट. यासाठी गाणं नको, तंबोरा किंवा पेटीचा लांब धरलेला सूर असलेली कॅसेट न्या, कारण गाण्यात डळमळ लपते, स्थिर सुरात लगेच पकडली जाते. फोनवर ट्यूनरचं अ‍ॅप असतं ते समोर धरा, काळी एकची पेटी पांढरी दोनला वाजत असेल तर सेट साधारण सहा टक्के जोरात पळतोय. घाबरू नका, बऱ्याच मोटरच्या पाठीला एक छोटं भोक असतं, त्यात बारीक स्क्रूड्रायव्हर घालून स्पीड लावता येतो, पाच मिनिटांचं काम. पण सूर वर-खाली हलत असेल, म्हणजे मूळ जागी न राहता झोके घेत असेल, तर ते बेल्ट नाहीतर रोलर, त्याचा खर्च भावातून कमी करा.

आवाज दबका, कांबळं टाकल्यासारखा येत असेल तर आधी हेड, म्हणजे टेप जिथे घासून वाचली जाते तो धातूचा तुकडा, साफ करायला सांगा, स्वतःच अल्कोहोल आणि कापसाची काडी नेली तर उत्तम, काडीवर तपकिरी मळ येतो आणि आवाज उघडतो. तरीही एक बाजू दबकी राहिली तर बहुतेक वेळा गुन्हेगार आतला लांब सरकता स्विच असतो, रेकॉर्डिंग आणि प्ले यांच्यात बदल करणारा, त्याचे बारीक पितळी संपर्क काळे पडतात. दुकानात युक्ती अशी की टाकाऊ कॅसेट घालून रेकॉर्डचं बटण दहा-वीस वेळा दाबा-सोडा, आवाज थोडा जरी परत आला तर दोष स्विचचाच, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला की जातो. रेकॉर्ड बटण दाबलं न जात असेल तर सेट बिघडला म्हणू नका, कॅसेटच्या मागची प्लास्टिकची पाकळी तोडलेली आहे का बघा. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते ती पण क्लीनरने जाते. दरवाज्याच्या बिजागरीला मारायचं तेल मात्र त्यात मारू नका, दुकानात एकाने माझ्यासमोर मारलं.

मग सेलचं झाकण. हिरवट-पांढरी पावडर दिसली तर स्प्रिंग कुठवर खाल्लीय ते बघायचं, वरवर असेल आणि अल्कलाइन सेल फुटलेले असतील तर व्हिनेगर लावून घासलं की निघते, पण वायरीतून आत सर्किटपर्यंत गेली असेल तर सोडून द्या. करंटवर चालतोय म्हणून दुकानदार झाकण उघडू देत नसेल तर समजून जा. सेल घालून पण वाजवून बघा, जमल्यास स्वतःचे घेऊन जा. आठ चांगले मोठे अल्कलाइन सेल म्हणजे चार माणसांच्या फिश थाळीचं बिल, म्हणून रोज सेलवर वाजवायचा विचार मी तरी सोडलाय, समुद्रावर किंवा मांडवाखाली न्यायचा असेल तेव्हाच.

आपल्याकडच्या दोन खास गोष्टी, ज्या पुण्या-मुंबईवाले कधी सांगणार नाहीत. एक कुंभारीण माशी. पाठीच्या खोल स्क्रूच्या भोकांत आणि हवेच्या फटींत तिची मातीची घरं असतात, स्क्रूड्रायव्हर आत जात नाही आणि विकणारा म्हणतो स्क्रू जाम आहे. टाचणीने माती उकरली की स्क्रू खाली ताजातवाना. उलट हे चांगलं लक्षण, म्हणजे कुणी उघडून आत उपद्व्याप केलेला नाही. दुसरी गोष्ट खारी हवा. कळंगुट-बागा-कोळवा पट्ट्यातल्या घरात समुद्राकडच्या खिडकीत वर्षानुवर्षं राहिलेला सेट आणि डिचोली-साखळीकडच्या घरातला सेट, एकाच वयाचे असले तरी आतून ओळखू येतात, पहिल्याच्या अँटेनाच्या बुडाशी फोड आलेले, ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या तांबड्या. सेट कुठल्या गावातून आला हे विचारायला लाजू नका, दुकानदाराला बहुतेक वेळा आठवत असतं.

आणि सेटसोबत कॅसेटींचं खोकं फुकट देत असेल तर घ्या, पण घरी आल्यावर एकेक खिडकीतून बघा, टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे, ती कॅसेट चांगल्या सेटमध्ये घालायची नाही, हेडवरून दुसऱ्या कॅसेटींना लागते. पावसाळ्यात सेट प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास वाजवलेला बरा, आतून गरम होतो आणि दमट कमी होतं, रबर पण एकाच जागी दबून राहत नाही.

फोनवरची गाणी जुन्यावर लावायची असतील तर पाठीला लाल-पांढरी लाइन-इन आहे का बघा, त्यात छोटा ब्लूटूथ रिसीव्हर लावला की झालं, फक्त त्या रिसीव्हरला सेटमधूनच करंट काढून दिला तर गुणगुण येते, वेगळा चार्जर नाहीतर पॉवर बँक द्या. युरोपियन सेटवर कधी पाच टाचण्यांची गोल डीन खोबण असते, तिचं कनेक्टर मिळतं, पण खोबणीतली नेमकी कुठली टाचणी इनपुट हे बघून घ्या. काहीच नसेल तर वायरवाली कॅसेट मिळते ती डेकमध्ये घालायची, कॅसेट न उलटता दुसरी बाजू वाजवणाऱ्या ऑटो-रिव्हर्स डेकमध्ये ती कटकट करते, साध्या पियानो-बटणवाल्यात मस्त चालते. अजून एक मार्क गल्फवाल्याला.

मग कुणी काय घ्यायचं? घरात जुन्या घरगुती कॅसेटी आहेत, त्या ऐकायच्यात, फोनमध्ये उतरवायच्यात, तर २२०-२४० व्होल्टचा गल्फवाला सिंगल डेक, साधी बटणं, आणि त्यासाठी चार पैसे जास्त द्या. खोलीत गाणी मोठ्याने, सुटे स्पीकर, पोरांना आवडेल असा हवा, तर देशी डबल डेक, पण बेल्टचा खर्च आधीच धरून. सीडी आहेत म्हणून सीडीवाला, एवढंच त्याचं कारण. बाहेरच्या संग्राहकांच्या गप्पा ऐकून शार्पच्या जीएफ-७७७ सारखं सहा स्पीकर आणि दहा सेलचं जनावर शोधायला निघू नका, ते म्हापशाच्या फळीवर पडलेलं नसतं, आणि असलं तरी दुकानदाराला पण आता इंटरनेट येतं.

भावाचं म्हणाल तर मला पहिला आकडा सांगितला त्याच्या दोन-तृतीयांशावर तो आला, ते पण पावसात, जेव्हा गिऱ्हाईक नसतं. हंगामात, डिसेंबरच्या आसपास, हणजूणच्या बुधवारच्या बाजारात किंवा हडफड्याच्या शनिवारच्या नाइट मार्केटमध्ये असा सेट दिसला तर तो सजावटीच्या भावाने असतो, वाजतो की नाही हे तिथे कुणी विचारत नाही, आणि गर्दीत सूर ऐकून तपासणार तरी काय. जुलै-ऑगस्टमध्ये दुकानात जा. वायर सोबत मागून घ्या, आठच्या आकाराची दोन पिनांची, आणि अँटेना पूर्ण लांब करून बघा, मधला तुकडा गायब असतो.

जपानी अजून त्याच फळीवर आहे, गेल्या खेपेला पाहिला. रेडिओची ज्यांना गरज नाही आणि स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर ठेवायला ज्यांच्याकडे जागा आहे, त्यांनी जाऊन बघावा, डेक खरंच एक नंबर आहे. ट्रान्सफॉर्मरचे पैसे मात्र त्याच्याच भावातून कापून मागा, आणि तो तुमच्यासमोर २३० ला लावायला निघाला तर आधी हात धरा.